आज्जाचं कषाय आणि रक्ताची काचपट्टी

"मॅडम, नमस्कार. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढं जंगलाच्या कडेला. मी बेळगावात बी. फार्मच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझा आज्जा थंडीतापावर कषाय देतो. सातवीणाची, म्हणजे सप्तपर्णीची, साल कुटून तांब्याच्या भांड्यात रात्रभर भिजत घालतो, पहाटे गाळून उपाशीपोटी पाजतो, असं तीन दिवस. पैसे घेत नाही. लांबलांबची माणसं येतात. मोठा भाऊ गोव्यात सेंट्रिंगच्या कामाला असतो. गणपतीला आला तोच थरथरत. आज्जानं कषाय दिलं, चौथ्या दिवशी ताप नाही, परत कामाला गेला. पाच आठवड्यांनी पुन्हा तसाच ताप घेऊन घरी. ह्या वेळी आशाताईंनी बोटाचं रक्त घेतलं तर मलेरिया निघाला, व्हायवॅक्स जातीचा. गोळ्या चालू आहेत. मी आज्जाला म्हटलं, तुझं कषाय तपासून घेऊ या. तो म्हणाला, 'पहिल्यांदा उतरला न्हवं ताप? शिकून आता माझीच परीक्षा घ्यायलीस?' दोन दिवस बोलला नाही. वर चुलतभाऊ म्हणतोय, बाटल्या भरून गोव्याला जाणाऱ्या पोरांना विकू. अक्का माहेरी आलीय, पाचवा महिना आहे. तिला ताप आला तर काय करायचं ही आईला धास्ती. कषाय तपासायचं तर कुठं आणि कसं? आणि आज्जाला काय सांगू?"
— जांबोटीकडची एक विद्यार्थिनी

पोरी, आज्जांचा राग नंतर बघू. आधी घरात आजारी आहे त्याचं, आणि दोन जिवांची आहे तिचं.

भावाला दोन तऱ्हेच्या गोळ्या मिळाल्या असतील. क्लोरोक्विन तीन दिवस, प्रायमाक्विन चौदा दिवस. तिसऱ्या दिवशीच माणसाला हुशारी वाटते आणि उरलेलं प्रायमाक्विनचं पाकीट देवळीत पडून राहतं. तसं होऊ देऊ नकोस, समोर बसून गोळी घ्यायला लाव. व्हायवॅक्सचे जंतू रक्तात असतात तसे काही यकृतात झोपून राहतात. क्लोरोक्विन रक्तातल्यांना मारतं, झोपलेल्यांना त्याचं काही होत नाही. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन. पाच आठवड्यांनी भावाचा ताप उलटला तो एक तर हे झोपलेले उठले म्हणून, नाहीतर रक्तात थोडे उरले होते ते वाढले म्हणून, किंवा गोव्यात नव्यानं डास चावला म्हणून. पहिल्या खेपेला रक्त तपासलंच नव्हतं, तेव्हा काहीही धरलं तरी कषायानं मलेरिया गेला असं म्हणता येत नाही, एवढं नक्की.

प्रायमाक्विनची एक खोड आहे. काही माणसांच्या रक्तात जी-सिक्स-पीडी नावाचं विकर (एन्झाइम) जन्मापासून कमी असतं. त्यांच्या तांबड्या पेशी ह्या गोळीनं फुटतात. भावाची लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, डोळे पिवळे दिसले, चालताना धाप लागली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि हे चौदा दिवस कषाय बंद. दोन्ही एकदम पोटात गेलं आणि काही बिघडलं, तर कुणामुळं बिघडलं ते कुणालाच सांगता येणार नाही.

अक्काच्या बाबतीत मी घासाघीस करणार नाही. तिला हे कषाय द्यायचं नाही, थेंबभरही नाही. मणिपालच्या संशोधकांनी सातवीणाचा पाणी-अल्कोहोलमधला अर्क गाभण उंदरांना देऊन पाहिला होता. कमी मात्रेला काही झालं नाही. मात्रा वाढवली तशी पिल्लं मेली, खुरटली, काहींत व्यंग निघालं. उंदीर म्हणजे अक्का नव्हे आणि तो अर्क म्हणजे आज्जांचं कषायही नव्हे, हे मला कळतं. पण पाचव्या महिन्यात मला एवढी शंका पुरे आहे. गरोदरपणातला मलेरिया स्वतःही वाईट. आईचं रक्त कमी करतो, मूल वजनानं हलकं होतं, कधी पोट पडतं. तेव्हा तिला मच्छरदाणीत झोपवा, आणि ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता रक्त तपासा. औषध डॉक्टर ठरवतील. प्रायमाक्विन गरोदर बाईला देत नाहीत, म्हणून भावाच्या पाकिटातली गोळी तिला देण्याचा विचारही कुणी करू नये. आपल्याकडं घरात उरलेल्या गोळ्या वाटून खायची सवय आहे, म्हणून मुद्दाम लिहिते.

आता आज्जांचा प्रश्न, "पहिल्यांदा उतरला न्हवं ताप?" प्रश्न सरळ आहे, त्याला उत्तरही सरळ पाहिजे.

मलेरियाचा ताप घड्याळ लावून येतो. जुनी माणसं त्याला तिजारी म्हणत ती त्याचसाठी: आज आला, उद्या नाही, परवा पुन्हा हजर. जंतू तांबड्या पेशीत शिरतो, वाढतो, अठ्ठेचाळीस तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. पेशी फुटल्या की हुडहुडी. चार वाकळा घातल्या तरी दात वाजतात. मग अंगाची भट्टी होते, काही तास. मग दरदरून घाम सुटतो आणि ताप आपोआप उतरतो. गोळी न घेता, कषाय न घेता उतरतो. दुसरा दिवस मोकळा जातो, माणूस शेतावरही जाऊन येतो. आता तूच विचार कर. हुडहुडी भरल्यावर माणूस आज्जांकडं येतो, पहाटे कषाय घेतो, दुपारपर्यंत घाम सुटतो. श्रेय कुणाला जाईल? शिवाय लहानपणापासून डास चावून घेतलेल्या अंगात थोडी ताकद तयार झालेली असते. काही पाळ्या येऊन ताप स्वतःच मंदावतो आणि जंतू थोडे थोडे रक्तात राहतात.

पुढची गोष्ट ह्याहून महत्त्वाची. आज्जांकडं थरथरत आलेल्या सगळ्यांना मलेरियाच होता कशावरून? आपल्या ह्या पट्ट्यात थंडी वाजून ताप यायला कारणांची कमी नाही. चिखलात उघड्या पायानं भात लावला की लेप्टो होऊ शकतो. शहराच्या कडेला डेंगी आहे. घाटाखाली दोडामार्ग, सत्तरीकडं काजूच्या बागांत माकडताप होऊन गेला, तोही असाच कडकडून येतो. ह्यातले पुष्कळ ताप आठवड्या-दीड आठवड्यात आपले आपण जातात. आज्जांच्या इतक्या वर्षांच्या यशात असे किती, ते आता कुणालाही मोजता येणार नाही. त्यांचा त्यात दोष नाही. त्यांच्याकडं रक्त तपासायची काचपट्टी नव्हती.

आणि हे फक्त गावठी औषधवाल्यांचंच होतं असंही समजू नकोस. १८६६ ते १८६८ ह्या काळात इंग्रज सरकारनं हिंदुस्थानात सिंकोनाच्या सालीतल्या चार द्रव्यांची थंडीतापावर परीक्षा घेतली. क्विनीन त्यातलं एक. ३६०० रोगी. जगातल्या पहिल्या मोठ्या औषध-चाचण्यांत ती गणली जाते. यश कशावर मोजलं? तापाच्या पाळ्या थांबल्या का, ह्यावर. चारही द्रव्यांना शंभरात अठ्ठ्याण्णवच्या वर गुण. रक्तातला जंतू लावेरान ह्या फ्रेंच डॉक्टरनं पाहिला तो १८८० साली, त्यामुळं त्याआधी मोजणार तरी काय होते? म्हणजे तुझे आज्जा जी फूटपट्टी वापरतात तीच एकेकाळी मोठमोठे डॉक्टर वापरत. पुढं फूटपट्टी बदलली. हे असंच त्यांना सांग. 'तुमचं चुकलं' असं म्हणू नकोस. 'तुमच्यानंतर मोजायचं नवं साधन आलं, त्यानं एकदा मोजून बघू' असं म्हण. आणि सिंकोना हीसुद्धा झाडाची सालच होती हे सांगायला विसरू नकोस. म्हाताऱ्या माणसाला तेवढं बरं वाटतं, आणि ते खरंही आहे.

आता तपासणी. तू बी. फार्मची आहेस म्हणून थोडं खोलात लिहिते.

सगळ्यांना घाई असते ती 'जंतू मेला का' हे बघायची. माझी अर्धी नोकरी त्याआधीच्या एका प्रश्नात गेली: ही साल आहे तरी कशाची? एकदा एका व्यापाऱ्याकडून सातवीणाची साल म्हणून पोतं आलं. रंग बरा, चव कडू, सगळं ठीक. मुलांनी दोन महिने अर्क काढले, आकडे मांडले. मग एका चिकित्सक मुलीनं सालीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशींची ठेवण जुळेना. पोतं दुसऱ्याच झाडाचं होतं. दोन महिने पाण्यात. कडू साल म्हणजे सातवीण असं नसतं. तुमच्या रानात काजराही आहे. त्याच्यात स्ट्रिक्निन असतं आणि त्याची साल चुकून पोटात गेली तर माणूस आकडी येऊन जाऊ शकतो. दक्षिण कन्नडात आटी अमावास्येला भल्या पहाटे सातवीणाच्या सालीचं कषाय पितात. तिकडची जाणती माणसंही झाड ओळखण्याबाबत दरवर्षी बजावतात, ते उगाच नाही. सातवीणाला एका पेरावर वर्तुळात सातेक पानं असतात आणि साल खरवडली की पांढरा चीक येतो. काजऱ्याला पानं समोरासमोर, बुडापासून निघालेल्या ठसठशीत शिरा, आणि चीक नाही. तुझ्या आज्जांना हे झोपेतही कळत असेल. चुलतभावाला कळतं का?

झाडाची खात्री झाली की कृती. इथं मी आज्जांच्या बाजूनं भांडणार आहे.

प्रयोगशाळेत वनस्पती गेली की हात आपोआप मिथेनॉलच्या बाटलीकडं जातो. साल वाळवायची, भुकटी करायची, उष्णता देऊन अर्क काढायचा. आज्जा साल उकळत नाहीत, थंड पाण्यात भिजवतात. आयुर्वेदात ह्याला हिम म्हणतात, उकळतो तो क्वाथ, आणि दोन्ही वेगळे धरलेत. हा फरक किती मोठा असू शकतो ह्याचं जगातलं सर्वात गाजलेलं उदाहरण नेमकं मलेरियाचंच आहे. १९६७ साली चीननं मलेरियावर औषध शोधायची गुप्त मोहीम काढली. तू योयो ह्या संशोधक बाईंच्या गटानं जुन्या ग्रंथांतून, वैद्यांकडून दोन हजारांवर औषधांच्या कृती गोळा केल्या, त्यातून शेकडो अर्क तपासले. छिंगहाव नावाच्या झुडपाचा अर्क एकदा चांगला लागू पडायचा, पुढच्या वेळी फुसका निघायचा. मग त्यांना चौथ्या शतकातल्या एका ग्रंथातली ओळ आठवली: मूठभर छिंगहाव पाण्यात भिजव, पिळ, तो रस पी. उकळ असं म्हटलेलंच नव्हतं. त्यांनी उष्णता टाळून कमी तापमानाला ईथरमध्ये अर्क काढला. १९१ क्रमांकाचा नमुना ऑक्टोबर १९७१ मध्ये उंदरांतल्या मलेरियावर पूर्ण उतरला. पुढं रोग्यांना देण्याआधी तो त्यांनी आणि सहकाऱ्यांनी स्वतः पिऊन पाहिला. त्यातून आर्टेमिसिनिन हाती आलं आणि २०१५ साली नोबेल. (आपण चैत्रात जोतिबाला दवणा वाहतो तो ह्याच झुडपाचा चुलतभाऊ. पण कुळ एक म्हणून गुण एक नसतो. दवण्याचा काढा मलेरियावर चालतो असं कुणी मोबाईलवर पाठवलं तर पुढं ढकलू नकोस. खुद्द छिंगहावाच्या चहालासुद्धा जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये नाही म्हटलंय. औषधाचं प्रमाण कमी-जास्त, रोगी अर्धवट बरा, आणि उरलेले जंतू औषधाला निर्ढावतात.)

म्हणून एक वही कर. आज्जा साल कुठल्या महिन्यात काढतात, किती वयाच्या झाडाची, खोडाची का फांदीची, ओली का सुकी, किती मुठी, पाणी किती, किती तास. ती मूठ एकदा वजनकाट्यावर घाल. महिन्याचं महत्त्व मणिपालच्याच कामात दिसलं होतं: उन्हाळ्यात काढलेल्या सातवीणाचा अर्क उंदरांना जास्त विषारी ठरला, पावसाळ्यातला सर्वात कमी. आज्जांचा असा काही नेम असेल, अमुक दिवसांत साल काढायची नाही वगैरे, तर हसू नकोस, लिहून घे.

आणि ते तांब्याचं भांडं. प्रयोगशाळेला नमुना देशील तेव्हा त्याच भांड्यात नुसतं पाणी रात्रभर ठेवून तेही दे, आणि तीच साल काचेच्या भांड्यात भिजवून तिसरा नमुना. परिणाम सालीचा का तांब्याचा, ते तिथंच वेगळं होईल. परीक्षक तुझ्यावर खूश होतील हा वरचा फायदा.

पुढचं काम तुझ्या हातचं नाही, पण तिथं काय चालतं ते तुला कळायला हवं. आधी अर्कात शिसं, पारा, बुरशीचं विष नाही ना ते बघतात. मग माणसाच्या रक्तात वाढवलेल्या फाल्सिपेरम जंतूंवर, म्हणजे मलेरियाच्या सर्वांत घातक जातीवर, अर्क टाकतात. हे जंतू शरीराबाहेर सतत वाढवणं १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन ह्यांना जमलं. त्यांची युक्ती ऐकलीस तर हसशील. बंद बरणीत बशा ठेवायच्या, आत मेणबत्ती पेटवायची, ती विझेपर्यंत जळू द्यायची. प्राणवायू जंतूला मानवेल इतका कमी होतो. दोन-तीन दिवसांनी मोजायचं की निम्म्या जंतूंची वाढ थांबवायला किती अर्क लागला. अर्कासाठी मिलिलिटरला पाचेक मायक्रोग्रॅमच्या आत उत्तर आलं तर लोक कान टवकारतात. पन्नासच्या पुढं गेलं की फाईल बांधून ठेवतात. क्लोरोक्विनचं माप ह्याच्याही हजारपट बारीक असतं.

इथं दोन खड्डे आहेत. पहिला साबणाचा. रिठ्यात फेस येतो तो सॅपोनिनमुळं, आणि ते पुष्कळ झाडांत असतं. सॅपोनिन तांबड्या पेशीच फोडतं. घर पडलं तर भाडेकरू जाणारच. बशीत जंतू दिसत नाहीत, संशोधक आनंदतो, प्रत्यक्षात त्यानं रक्त नासवलेलं असतं. म्हणून निरोगी रक्तावर तोच अर्क टाकून पेशी शाबूत राहतात का, हे बघितल्याचं अहवालात नसेल तर त्या आकड्याला किंमत देऊ नकोस. तसंच माकडाच्या मूत्रपिंडाच्या किंवा माणसाच्या यकृताच्या पेशी मारायला किती अर्क लागतो तेही बघतात. जंतूला मारणारी मात्रा आणि आपल्या पेशींना मारणारी मात्रा ह्यांत निदान दहापट अंतर पाहिजे. दुसरा खड्डा असा, की व्हायवॅक्स प्रयोगशाळेत असा सतत वाढवता येत नाही. त्याला नुकत्याच जन्मलेल्या कोवळ्या तांबड्या पेशी लागतात. तेव्हा बशीतलं उत्तर फाल्सिपेरमबद्दलचं असेल. तुझ्या भावाला झाला तो मलेरिया दुसरा. यकृतात झोपलेल्यांबद्दल तर ती बशी काहीच बोलत नाही.

बशीत टिकलं तर उंदीर. उंदरांचा मलेरिया देऊन चार दिवस अर्क पाजायचा, पाचव्या दिवशी शेपटीच्या रक्ताची काचपट्टी करून मोजायची. बाजूला एका गटाला क्लोरोक्विन, एका गटाला नुसतं पाणी. विषारीपणा वेगळा तपासतात: वजनाच्या किलोमागं दोन ग्रॅमपर्यंत एकदाच पाजून चौदा दिवस लक्ष ठेवायचं, मग कमी मात्रा रोज अठ्ठावीस दिवस देऊन यकृत, मूत्रपिंडं कापून बघायची. प्राण्यांसाठीची नीतिसमिती हो म्हणाल्याशिवाय ह्यातलं काहीही करता येत नाही. घरी सशाला पाजून बघण्याचा उद्योग नको. हे लिहावं लागतंय कारण एका मुलानं केलेला मला माहीत आहे.

आणि मग माणूस. इथं तुला एक गोष्ट सांगते, ती आज्जांनाही सांग, पण चांगल्या वेळी, चहा पिताना.

केंद्र सरकारच्या आयुर्वेद संशोधन परिषदेनं मलेरियासाठी आयुष-६४ नावाची गोळी काढली. त्यात चार गोष्टी: सातवीणाची साल, कुटकी, किराईत आणि सागरगोट्याच्या बिया. म्हणजे आज्जांची साल त्यात आहे. कोरोनात ह्याच गोळीचं नाव पुन्हा निघालं होतं. व्हायवॅक्सच्या रोग्यांवर ती क्लोरोक्विनशी लावून पाहिली गेली आणि २००० साली निकाल छापून आला. अठ्ठावीस दिवसांनी रक्त बघितलं तेव्हा क्लोरोक्विनवाले सगळे बरे. आयुष-६४वाले सुमारे निम्मे. ह्या निम्म्यांकडं दोन तऱ्हांनी बघता येतं. वैद्य म्हणतील, बघा, निम्म्यांना तर गुण आला! मी रोग्याची आई असते तर दुसरे निम्मे बघितले असते. आणि गावात गोष्ट कुठल्या निम्म्यांची सांगितली जाते? जे बरे झाले त्यांची. उरलेले खानापूरच्या दवाखान्यात जातात आणि आज्जांना कळवायला परत येत नाहीत. तुझा भाऊ घरचा होता म्हणून कळलं.

ह्या चाचणीतली दुसरी बाब अशी, की उंदरांना नुसतं पाणी देता येतं, माणसांना नाही. फाल्सिपेरम असेल तर एक-दोन दिवसांत तो मेंदूवर जाऊ शकतो. म्हणून नव्या औषधाची तुलना नेहमी खात्रीच्या औषधाशी, दवाखान्यात, रोज रक्त बघत, आणि जंतू कमी होत नाहीत असं दिसलं की लगेच खात्रीचं औषध सुरू. नीतिसमितीची मंजुरी आणि सरकारी नोंदणी झाल्याशिवाय हे कुणीही करू शकत नाही. तूही नाही, आज्जाही नाहीत, मीही नाही.

चुलतभावाबद्दल थोडक्यात. विना परवाना औषध बनवून विकणं १९४० च्या औषध कायद्यात गुन्हा आहे. भिजवलेलं पाणी बाटलीत दोन दिवसांत आंबतं. आणि गोव्यातल्या साइटवर पोरगा थरथरत पडला, त्यानं रक्त तपासायच्या ऐवजी बाटली प्याली, आणि तो फाल्सिपेरम निघाला, तर पुढं काय हे त्याला विचार. आज्जा पैसे घेत नाहीत ह्यात त्यांची जी अब्रू आहे ती बाटलीमागं वीस रुपयांना जाईल. हे वाक्य आज्जांसमोर म्हण. चुलतभावाची बोलणी परस्पर होतील.

कुठं जायचं? तुझ्या कॉलेजातल्या औषधी वनस्पतींच्या विभागापासून सुरुवात कर. शेवटच्या वर्षाचा प्रकल्प म्हणून झाडाची ओळख, सालीचा काप, पातळ थराची क्रोमॅटोग्राफी (अर्कातली द्रव्यं वेगळी करून बघणं), सॅपोनिनची फेस-चाचणी एवढं तिथंच होतं. बेळगावातच नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक वैद्यकाची राष्ट्रीय संस्था आहे. तुझ्यासारख्यांचे प्रश्न हेच तिचं काम, सरांकडून पत्र घेऊन जा. जंतूंवरच्या तपासणीसाठी दिल्लीच्या राष्ट्रीय मलेरिया संशोधन संस्थेकडं जंतूंचा साठाच आहे, तिकडं संस्थेमार्फत जावं लागतं. शहापूरच्या आयुर्वेद महाविद्यालयात द्रव्यगुणाचे, म्हणजे औषधी द्रव्यांचे, प्राध्यापक भेटतील. आज्जांना घेऊन जायचं असेल तर मी तिथं नेईन. त्यांच्या भाषेत बोलणारी माणसं आहेत.

जायच्या आधी एक. आज्जा सालीबरोबर आणखी काही घालत असतील आणि ते फक्त त्यांनाच ठाऊक असेल, तर ते कुणाच्याही हातात तोंडी देऊ नकोस. आधी लिहून त्यावर तारीख, आज्जांचा अंगठा किंवा सही. देणाऱ्या-घेणाऱ्यांत साधा करार. गुजरातेत गांधीनगरला असलेलं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान अशा गावठी ज्ञानाची नोंद माणसाच्या नावानं ठेवतं. ग्रामपंचायतीच्या जैवविविधता समितीच्या वहीतही नोंद होते, पण तिथं कृती उघडी पडणार नाही एवढं बघ. आणि साल भीमगड अभयारण्याच्या हद्दीतून काढायची नाही, शेताच्या बांधावरच्या झाडाची काढ, तीही गोल सोलून नको. नरक्याची झाडं सालीसाठी, लाकडासाठी कशी साफ झाली ते तुमच्या रानाला माहीत आहे.

एवढं सगळं करून उत्तर 'लागू पडत नाही' असं आलं तर? येऊ शकतं. मला वाटतं, तसंच येण्याचा संभव जास्त आहे. मग आज्जांना तेही सांगायचं. ते गप्प होतील. पण तोवर एक करता येईल, आणि त्याला उत्तराची वाट बघावी लागत नाही. जो कुणी थंडीतापाचा माणूस दारात येईल त्याला आज्जांनी आधी म्हणायचं, 'आशाबाईकडं बोट टोचून ये, मग बस.' गावात आशाताईंपेक्षा आज्जांचा शब्द चालतो. त्या शब्दानं जितकी माणसं वेळेत गोळीपर्यंत पोचतील तितकी तुझ्या माझ्या प्रकल्पानं पोचणार नाहीत.

सध्या सातवीण फुलायचे दिवस आहेत. रात्री वास घमघमतो, काहींचं डोकं दुखतं. ओळखीचा नमुना फुलासकट लागतो, त्यामुळं हीच वेळ. रविवारी आज्जांना म्हण, मला तुमचं झाड दाखवा. दाबायला जुनी वर्तमानपत्रं आणि दोरी ने. फांदी एकच तोड, सात पानांची पूर्ण वर्तुळं, मोहोर आणि मिळाली तर जुनी शेंग. कागदावर तारीख, जागा, आणि 'दाखवणारे' म्हणून आज्जांचं नाव लिही. त्यांच्यासमोरच लिही.